रेकॉर्डवरून सॅम्पल घेताना पुन्हा पुन्हा येणारा हम: कारणांचा शोध आणि उपाय

जुन्या बाजारातून आणलेली लावण्यांची ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) ईपी ही छोटी रेकॉर्ड स्वच्छ पुसून टर्नटेबलवर ठेवावी, सुई हलकेच टेकवावी, ढोलकीची पहिली थाप पडण्याआधीची अर्ध्या सेकंदाची शांतता कानांत प्राण आणून ऐकावी, आणि त्या शांततेत एक खोल, सलग ‘हूं’ ऐकू यावा, हा अनुभव कमी खर्चात सॅम्पलिंग, म्हणजे जुन्या रेकॉर्डवरचे लहान तुकडे उचलून नव्या संगीतात वापरणे, सुरू करणाऱ्या बहुतेकांना येतो. ध्वनिमुद्रण करणारे लोक याला सरळ ‘हम’ म्हणतात. माझ्याकडे तो दोन वर्षांत चार वेळा गेला आणि चार वेळा परत आला, आणि प्रत्येक वेळी त्याचे कारण निराळे निघाले. त्यामुळे ‘हम घालवायला काय घेऊ?’ असे कोणी विचारले, तर मी वस्तूचे नाव सांगण्याऐवजी आधी शोध कसा घ्यायचा ते सांगतो. खाली तोच शोध क्रमाने मांडला आहे.

माझी मांडणी साधी आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६०एक्स या वर्गातले, पट्ट्यावर फिरणारे टर्नटेबल, त्यातच बसवलेला फोनो प्रीॲम्प (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारे सर्किट), तेथून लाल-पांढऱ्या पिनांची आरसीए केबल, पुढे बेहरिंजरच्या यूसीए-२२२ सारखा लाइन पातळीचा छोटा यूएसबी इंटरफेस (आवाज संगणकाला घेता येईल अशा रूपात बदलणारी पेटी), आणि शेवटी लॅपटॉप व त्यावरचे ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर. ऐकण्यासाठी हेडफोन आणि ज्यांच्या आतच ॲम्प्लिफायर असतो असे दोन स्पीकर आहेत. एवढ्या साहित्यात उत्तम सॅम्पल मिळू शकतात, हे मी अनुभवाने सांगतो.

सॅम्पलिंगमध्ये हम अधिक का बोचतो

नुसती रेकॉर्ड ऐकायची असेल, तर थोडा हम गाण्याखाली दडून जातो आणि कान त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. सॅम्पल घेताना मात्र आपण गाण्यातून एक थाप, एक स्वर किंवा तुणतुण्याचा एक झणत्कार वेगळा काढतो, त्याच्याभोवतीचे बाकीचे संगीत बाजूला करतो, आणि मग तोच तुकडा दहा वेळा वाजवतो. त्यावर कॉम्प्रेसर लावला की मोठा आवाज दबतो आणि दोन थापांमधला हम वर येतो.

याहून वाईट गोष्ट स्वर बदलताना घडते. भारतातील वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हम ५० हर्ट्झवर किंवा त्याच्या दुपटीवर, म्हणजे १०० हर्ट्झवर, येतो. हार्मोनियमच्या खर्ज सप्तकातील पांढरी पाच साधारण ९८ हर्ट्झची असते, म्हणजे आपल्या घरातला हम हा पांढरी पाचपेक्षा किंचित चढा असा एक अखंड स्वरच आहे. सॅम्पल जसा वर-खाली सरकवावा तसा हा स्वरही सरकतो. एकच तुकडा षड्ज, गांधार आणि पंचम अशा तीन पॅडांवर (सॅम्पल वाजवायच्या बटणांवर) मांडून एकत्र वाजवला, तर तीन निरनिराळे हम एकमेकांवर आदळतात आणि खालचा सगळा भाग गढूळ होतो. १९८७ साली आलेल्या ई-म्यू एसपी-१२०० या सॅम्पलिंगच्या यंत्रात सॅम्पलसाठी सगळी मिळून सुमारे १० सेकंदांचीच जागा होती, त्यामुळे न्यूयॉर्कचे हिप-हॉप निर्माते ३३ची रेकॉर्ड ४५ वर वाजवून घेत आणि यंत्रात पुन्हा खाली उतरवत. त्या पद्धतीत तेथील विजेचा ६० हर्ट्झचा हम, आला असेल तर, ४४ हर्ट्झच्या आसपास जाऊन बसतो. आपल्याकडे हीच युक्ती वापरली, तर तो ३७ हर्ट्झवर जातो, म्हणजे लहान स्पीकरवर ऐकू येत नाही आणि मोठ्या स्पीकरवर गेल्यावर सगळी बेस खाऊन टाकतो. हम सॅम्पलमध्ये शिरण्याआधीच अडवला पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी.

आधी जोडणी योग्य आहे का ते पाहावे

हम म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारींत खरा दोष जोडणीचा होता. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजमधून (सुई ज्यात बसवलेली असते त्या भागातून) साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल निघतो, तर घरगुती उपकरणांची लाइन पातळी ३०० मिलिव्होल्टच्या आसपास असते. शिवाय रेकॉर्ड कापतानाच तिच्यावरील खालचे स्वर दाबलेले आणि वरचे स्वर उचललेले असतात, आणि ते पूर्ववत करण्याचे काम फोनो प्रीॲम्प करतो. या उलट वळणाला आरआयएए असे नाव आहे.

टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असे लहानसे बटण असते. ते ‘फोनो’वर राहिले आणि केबल थेट इंटरफेसच्या लाइन इनपुटला गेली, तर आवाज अगदी बारीक, किरकिरा, बेस नसलेला येतो. मग आपण सॉफ्टवेअरमध्ये आवाज वाढवत जातो आणि गाण्याबरोबर हमही वाढतो. उलट बटण ‘लाइन’वर असून केबल फोनो इनपुटला गेली, तर दोन प्रीॲम्प एकामागे एक लागतात, बेस फुगते आणि आवाज फाटतो. एका मार्गात फोनो प्रीॲम्प एकदाच, आणि एकदा नक्की, असला पाहिजे.

दुसरी चूक लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकाची. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत तेथे एकच भोक असते आणि त्यातले इनपुट हे माइकसाठीचे, एका चॅनेलचे असते, त्यातून माइकला लागणारा थोडा विद्युतदाबही बाहेर येतो. टर्नटेबल तेथे जोडू नये. इंटरफेस घेतानाही दोन लाइन इनपुट आहेत की नाहीत ते पाहावे, कारण फोकसराइटच्या स्कारलेट सोलोसारख्या लोकप्रिय इंटरफेसमध्ये एक इनपुट माइकचे आणि एकच लाइनचे असते, त्यामुळे रेकॉर्डचे डावे-उजवे दोन्ही चॅनेल त्यात घेता येत नाहीत. विंडोज कधीकधी साध्या यूएसबी इंटरफेसला माइक समजून एकच चॅनेल उघडते, तेव्हा ध्वनीच्या सेटिंगमध्ये दोन चॅनेल निवडावेत आणि आवाज ‘सुधारणारे’ सर्व पर्याय बंद करावेत.

हम मोजावा आणि ओळखावा

कानावर विसंबून केलेली तुलना फसवते, कारण रात्री शांत खोलीत तोच हम दुपारपेक्षा मोठा वाटतो. म्हणून मी प्रत्येक वेळी १०-१० सेकंदांची तीन मुद्रणे करतो. पहिले सर्व जोडलेले पण मोटर बंद असताना, दुसरे मोटर चालू आणि सुई वर उचललेली असताना, आणि तिसरे सुई रेकॉर्डच्या कडेच्या मोकळ्या खोबणीत असताना. इंटरफेसवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पातळी तिन्ही वेळी तीच ठेवावी. पहिल्या मुद्रणातच हम असेल तर दोष विजेच्या किंवा केबलच्या बाजूला आहे, तो दुसऱ्यात वाढत असेल तर मोटरकडे पाहावे, आणि फक्त तिसऱ्यात येत असेल तर तो बहुधा हम नसून मोटरचा रंबल (सुईपर्यंत पोहोचलेली घरघर) किंवा स्पीकरचा फीडबॅक असतो. हा एक भेद कळला की निम्मे काम होते.

नंतर ऑडॅसिटीतील स्पेक्ट्रमचा, म्हणजे कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे ते दाखवणारा, आलेख काढावा. फक्त ५० हर्ट्झवर एक उंच टोक असेल, तर बहुधा एखाद्या ट्रान्सफॉर्मरचे किंवा मोटरचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजमध्ये शिरत असते. १००, १५०, २०० असे कंगव्याच्या दातांसारखे टोक दूरवर पसरले असतील आणि कानाला तो आवाज ‘हूं’ऐवजी ‘झर्रर्र’ असा खरखरीत लागत असेल, तर अर्थिंग, लॅपटॉपचा चार्जर किंवा खोलीतला एखादा रेग्युलेटर यांचा संशय घ्यावा. नेमके १००० हर्ट्झवर किंवा ८००० हर्ट्झवर टोक असेल, तर तो विजेचा दोष नाहीच. यूएसबीवर माहितीचे गठ्ठे सेकंदाला १००० किंवा ८००० वेळा पाठवले जातात आणि त्याची शिट्टी ऑडिओत उतरते. अशा वेळी इंटरफेस लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावावा किंवा स्वतंत्र वीज असलेल्या हबमधून जोडावा, एवढ्यावर बहुतेकदा भागते.

एकेक वस्तू काढत जावे

आता लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा मोजावे. चार्जर काढताच हम नाहीसा झाला, तर दोष कोणत्या दिशेला आहे ते कळले. पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि नेहमी बॅटरीवर मुद्रण करू लागतात. तात्पुरता तो उपाय चांगला आहे, पण बॅटरी संपली की हम परत येतो आणि मूळ दोष घरात तसाच राहतो. तो दोष काही वेळा जिवाशी संबंधित असतो, म्हणून येथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पहिल्यांदा हम आला तेव्हा माझ्या लक्षात आले की चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली, तर बोटाला बारीक झिणझिण्या येतात, जणू पृष्ठभाग खडबडीत झाला आहे. चार्जर काढला की तेच झाकण गुळगुळीत लागे. चार्जरच्या आत विजेचा गोंगाट गाळण्यासाठी कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी थोडा प्रवाह अर्थच्या तारेकडे जावा अशी योजना असते. अर्थच नसेल तर तो प्रवाह लॅपटॉपच्या धातूवर येऊन थांबतो, आणि मग वाट शोधत यूएसबीच्या जाळीतून इंटरफेसमध्ये, तेथून आरसीए केबलच्या बाहेरच्या वेष्टनातून टर्नटेबलकडे सरकतो. आरसीए केबलमध्ये तेच वेष्टन सिग्नलची परतीची वाटही असते, त्यामुळे हा प्रवाह गाण्यात मिसळतो.

माझा चार्जर तीन पिनांचा होता, भिंतीतला सॉकेटही तीन पिनांचा होता, तरी झिणझिण्या येत होत्या. शेवटी सगळ्या वस्तू ज्या एक्स्टेंशन बोर्डात खोवल्या होत्या तो बोर्ड भिंतीतून काढला, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग असेल तर वाजतो त्या सेटिंगवर) ठेवला, एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरे बोर्डावरच्या वरच्या मोठ्या भोकातल्या पत्र्याला लावले. मल्टिमीटर वाजलाच नाही. बोर्डाचे चार स्क्रू काढून पाहिले तेव्हा आत हिरवी तार होती, तिचे टोक सोललेलेही नव्हते, ती व्यवस्थित दुमडून कोपऱ्यात ठेवलेली होती. बाहेरून तीन भोके दिसत होती आणि आत अर्थ नव्हता. तार सोलून तिन्ही सॉकेटांच्या अर्थच्या पट्टीला घट्ट जोडली, बोर्ड बंद केला, आणि त्या संध्याकाळी मोटर बंद असतानाचे वाचन उणे ४४ डेसिबलवरून उणे ६६ वर गेले (उणेचा आकडा जितका मोठा, तितका हम कमी). कुठलेही नवे उपकरण घ्यावे लागले नाही.

म्हणून आधी बोर्ड तपासावा. बोर्ड ठीक असेल तर भिंतीतला सॉकेट तपासावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये अगदी थोडे, दोन-चार व्होल्ट, असे माप यायला हवे. हे माप चालू विजेवर घ्यावे लागते, त्यामुळे सवय नसेल तर वायरमनला बोलवावे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचे सॉकेट असूनही त्यामागे अर्थची तारच नसते, ही गोष्ट नवी नाही. ‘अर्थची जाड पिन काढून टाका, हम जातो’ असा एक सल्ला सर्रास ऐकायला मिळतो. तो कधीही मानू नये. उपकरणात बिघाड होऊन धातूच्या आवरणावर फेज आला, तर आपल्याला वाचवणारी ती एकच तार असते.

दुसऱ्यांदा हम आला तो अर्थ एकाऐवजी दोन झाल्यामुळे. स्पीकर नवे आले होते, त्यांचा प्लग तीन पिनांचा होता, आणि तो मी खोलीच्या दुसऱ्या भिंतीतल्या सॉकेटात लावला होता. लॅपटॉपला एका ठिकाणचा अर्थ आणि स्पीकरला दुसऱ्या ठिकाणचा, व त्या दोघांना जोडणारी ऑडिओ केबल, असे मोठे वेटोळे तयार झाले होते. याला ग्राउंड लूप म्हणतात. दोन्ही प्लग एकाच बोर्डात आणले आणि हम गेला. एकमेकांशी ऑडिओ केबलने जोडलेली सर्व उपकरणे एकाच बोर्डावरून चालवावीत, हा नियम मी त्यानंतर मोडलेला नाही. घरगुती टर्नटेबल, इंटरफेस आणि लॅपटॉप एवढ्यांना मिळून लागणारी वीज ६ ॲम्पिअरच्या एका सॉकेटाला सहज पेलते.

टर्नटेबलच्या बाजूचे दोष

ज्या टर्नटेबलमध्ये प्रीॲम्प आतच नसतो, त्याच्या मागून आरसीए केबलबरोबर एक बारीक सुटी तार येते, तिच्या टोकाला घोड्याच्या नालेसारखा पत्रा असतो. ही तार प्रीॲम्पवरच्या ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट बसवावी. ती सुटी राहिली तर हम हमखास येतो, आणि त्याची खूण अशी की टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांडीच्या) धातूला हात लावताच तो बदलतो. एलपी-६०एक्ससारख्या टर्नटेबलला अशी तार नसते, तेव्हा ती शोधत बसू नये.

हम एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल, तर आधी इंटरफेसवरच्या लाल आणि पांढऱ्या पिना आपापसांत बदलाव्यात. हम त्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष टर्नटेबलच्या किंवा केबलच्या बाजूला आहे. तो तेथेच राहिला तर इंटरफेसकडे बघावे. हेडशेल (टोनआर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) काढता येत असेल तर कार्ट्रिजमागच्या चार तारा चिमट्याने हलकेच हलवून पाहाव्यात. पांढरी आणि निळी तार डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्याची असते. यांपैकी एखादी सैल असली, तर तेवढ्या बाजूला मोठा हम येतो आणि गाणे गायब होते. या तारा केसांइतक्या नाजूक असतात आणि ओढल्या तर तुटतात, त्यामुळे चांगल्या उजेडात आणि टेबलावर कोपर टेकवूनच हे काम करावे.

यानंतर आणखी एक परीक्षा घ्यावी, ती मला फार उपयोगी पडली आहे. सुई खाली न टेकवता टोनआर्म बाहेरून आतल्या दिशेने हळूहळू सरकवत न्यावा आणि हेडफोनमध्ये ऐकावे. आर्मच्या जागेनुसार हम कमी-जास्त होत असेल, तर कार्ट्रिज जवळच्या एखाद्या चुंबकीय क्षेत्रात शिरत आहे. कार्ट्रिज म्हणजे मुळात चुंबक आणि तारेचे वेटोळेच, ते आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्झही तितक्याच इमानाने उचलते. शिवाय प्रीॲम्प १ किलोहर्ट्झचा स्वर १०० पट वाढवत असेल, तर आरआयएएच्या वळणामुळे ५० हर्ट्झचा स्वर तो ७०० पट वाढवतो. प्रीॲम्पच्या आधी शिरलेला कणभर हम नंतर मणभर होतो तो असा. जुन्या पद्धतीचे जड ॲडाप्टर, स्टॅबिलायझर, टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर हे सगळे टोनआर्मपासून निदान हात-दीड हात दूर ठेवावेत. ऑडिओ केबल आणि विजेची केबल शेजारी शेजारी, एकाच जुडीत बांधू नयेत, आणि त्या एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडाव्यात.

फीडबॅकचीही शंका येथेच फेडून घ्यावी. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर असतील, तर स्पीकरचा हादरा लाकडातून सुईपर्यंत जातो, तो पुन्हा स्पीकरमधून येतो, आणि एक वाढत जाणारी घूं सुरू होते. आवाज कमी केला की ती थांबते आणि सुई उचलली की नाहीशी होते. खरा हम सुई उचलल्याने जात नाही. मुद्रण करताना स्पीकर बंद ठेवून हेडफोन लावणे हा यावरचा बिनखर्चाचा आणि पक्का उपाय आहे.

खोलीतील इतर उपकरणे

तिसऱ्यांदा हम परत आला तो मार्च महिन्यात, आणि फक्त संध्याकाळी. दुपारी मोजले तर वाचन चांगले येई, रात्री आठनंतर बिघडे. तीन दिवस मी केबली बदलत बसलो. चौथ्या दिवशी मुद्रण सुरू असताना पंखा दोनवरून पाचवर केला आणि हेडफोनमधली झर्रर्र एकदम खाली गेली. दुपारी पंखा पूर्ण वेगात असे आणि संध्याकाळी हवा थोडी गार झाली की आम्ही तो दोनवर आणत असू, एवढेच ते रहस्य होते. गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरांपैकी पुष्कळसे विजेची प्रत्येक लाट मध्येच कापून पंख्याचा वेग कमी करतात, आणि सेकंदाला १०० वेळा होणाऱ्या त्या कापण्याचे तीक्ष्ण पडसाद तारांतून आणि हवेतून कित्येक किलोहर्ट्झपर्यंत पसरतात. कपॅसिटरवर चालणारा, टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर बसवल्यावर हा त्रास संपला. दिव्यांचे डिमर आणि काही स्वस्त एलईडी दिवे हेच करतात, त्यामुळे शोध घेताना एकेक बटण बंद करून ऐकावे.

लोडशेडिंगमध्ये घर इन्व्हर्टरवर गेले की हीच झर्रर्र सुरू होण्याची शक्यता असते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर ती सहसा येत नाही. चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर मात्र मुद्रण करूच नये, असे माझे मत आहे, कारण अशा विजेत ५० हर्ट्झबरोबर १५०, २५०, ३५० असे विषम पटींचे स्वर भरलेले असतात आणि नंतर ते काढणे अशक्यप्राय असते.

काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये

नव्याने सुरुवात करणाऱ्याने प्रीॲम्प असलेले साधे टर्नटेबल आणि दोन लाइन इनपुटांचा यूएसबी इंटरफेस यांवर पैसे घालावेत. टर्नटेबल जुने आणि प्रीॲम्प नसलेले असेल, तर बेहरिंजरचा यूएफओ-२०२ हा लहान इंटरफेस सोयीचा पडतो, कारण त्यात फोनो प्रीॲम्प आणि अर्थची तार बांधण्याची जागा दोन्ही असतात. मार्गात जितकी उपकरणे कमी, तितके ॲडाप्टर कमी आणि हमला शिरायच्या वाटाही कमी. १६ बिटांचे मुद्रण रेकॉर्डसाठी पुरते, फक्त सर्वांत मोठा आवाज उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे.

ग्राउंड लूप तोडणारे आरसीए आयसोलेटर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतात. त्यांच्या आत दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात. ते प्रीॲम्पच्या पुढे, लाइन पातळीवरच लावावेत, कार्ट्रिज आणि प्रीॲम्प यांच्यामध्ये लावल्यास हम वाढतो आणि आवाज बिघडतो. स्वस्त आयसोलेटरमध्ये डग्ग्याचा घुमारा पातळ होतो, तेव्हा लावण्यापूर्वी आणि लावल्यावर तोच तुकडा घेऊन तुलना करावी. वर सांगितलेले सर्व करून झाल्यावरच मी हा खर्च करायला सांगेन.

सूटकेसच्या आकाराचे स्वस्त रेकॉर्ड प्लेयर सॅम्पलिंगसाठी घेऊ नयेत. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असते, सुईचा भार ५-६ ग्रॅमपर्यंत असतो, आणि मोटर, स्पीकर, सुई हे सगळे एकाच पोकळ पेटीत असल्याने रंबल आणि हादरे टळत नाहीत. घरातल्या माळ्यावर वाल्व्हवाला जुना रेकॉर्ड प्लेयर सापडला, तर त्यातून स्वतः तार काढून लॅपटॉपला जोडण्याचा मोह टाळावा. अशा काही यंत्रांचा धातूचा सांगाडा थेट मुख्य विजेला जोडलेला असतो, आणि तेथे लॅपटॉपच काय, माणूसही वाचत नाही. ते यंत्र जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावे.

उरलेला हम आणि त्याची नोंद

कधी मुद्रण आधीच झालेले असते, रेकॉर्ड दुसऱ्याची असते आणि ती परत गेलेली असते. तेव्हा सॉफ्टवेअरचाच आधार घ्यावा लागतो. ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद नॉच फिल्टर (नेमका तेवढाच स्वर कापणारे) लावावेत, एकेक करून, आणि प्रत्येकानंतर ऐकावे. ५०चा फिल्टर सहसा काही बिघडवत नाही. १००चा मात्र जपून लावावा, कारण डग्ग्याचा आणि ढोलकीच्या धुमाचा भरीवपणा साधारण याच पट्ट्यात असतो आणि फिल्टर रुंद झाला तर थाप पोकळ लागते. नॉइज रिडक्शनचे साधन हमसाठी वापरले की गायकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, म्हणून मी ते टाळतो. सॅम्पलचा स्वर बदलण्यापूर्वीच फिल्टर लावावा, एकदा स्वर सरकवला की हम कोणत्या हर्ट्झवर गेला ते शोधत बसावे लागते.

प्रत्येक रेकॉर्डच्या मुद्रणाआधी सुई वर असतानाची १० सेकंदे मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि फाइलच्या नावातच तारीख व वाचन लिहितो. गेल्या पावसाळ्यात हेच वाचन दोन आठवड्यांत उणे ६६ वरून उणे ५८ वर आले. कानाला अजून काही कळत नव्हते. अर्थ ठीक होता, पंखा पाचवर होता, सर्व प्लग एकाच बोर्डात होते. आरसीए केबल काढली तेव्हा पिनांची चकाकी जाऊन त्यांवर तपकिरी मळ धरलेला दिसला. कोरड्या सुती फडक्याला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसल्या, सॉकेटात घालून पाच-सहा वेळा गोल फिरवल्या, आणि फाइलवर पुन्हा उणे ६६ लिहिले.